दूध पिणारं मशीन

संध्याकाळी कॉफीच्या त्या दुकानात मुंगी शिरायला जागा नसायची, आणि कॉफी मात्र कुणालाच नको असायची. सगळ्यांचे डोळे काउंटरवरच्या जुन्या, पितळी एस्प्रेसो मशीनकडे. दुकान बंद करायच्या सुमारास मशीनही बंद होई. मग पांढऱ्या कोटातले एक गृहस्थ पुढे येत, वाफेच्या नळीला आणि तिच्या चावीला लाडाने कुरवाळत आणि नळीचं टोक दुधाच्या पेल्यात बुडवत. मशीन निवू लागलं की पेल्यातलं दूध थरथरे, खाली उतरे आणि घुर्रर्र करत संपून जाई.

"प्यायले! मालक प्यायले!" गर्दी हात जोडे.

मालक वारून वर्ष झालं होतं. गृहस्थांना लोक 'दुभाषी' म्हणत. मेलेल्यांचं बोलणं आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. जिवंतांचं ते कधी ऐकून घेत नसत.

याच मशीनवरून मालकाचं आणि मुलाचं वाजलं होतं. "हे धूड भंगारात घाला," म्हणून मुलगा घराबाहेर पडला, तो परतला थेट बापाच्या अंत्यविधीला. त्यानंतर त्याने मशीन खोललं. बॉयलरमधला चुना खरवडला, रबराच्या कड्या बदलल्या, पितळ घासताना बोटं सोलवटून घेतली. मशीन सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत नळीखाली राहिलेलं दूध गडप झालं. गोष्ट षट्कर्णी झाली आणि दुभाषी दारात हजर!

"तहान! केवढी तहान!" ते डोळे मिटून सांगत. "बोलतायत... पण तिकडे वाफ फार, शब्द ओले येतायत..."

"मला माफ केलं का, विचारा ना," मुलगा रोज म्हणे.

"अजून थोडं दूध," दुभाषी रोज म्हणत.

सकाळी, मशीन तापायच्या आत, बॉयलरमधलं गढूळ पाणी बाटल्यांत भरून 'औषध' म्हणून वाटलं जाई. पहिली बाटली मुलगा स्वतः आईला पाजायचा. एके दिवशी आईला उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

मालकाची बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. ती वहिनीला भेटून तडक दुकानात आली. तिने बाटली उघडून हुंगली.

"अरे, हे नासलंय!"

"आत्या, बाबांबद्दल असं बोलू नकोस."

"बाबा तुझा, पण भाऊ माझा. त्याला जन्मात दूध पचलं नाही. काळी कॉफी प्यायचा. मेल्यावर आवड लागली होय?"

गर्दीत कुणीतरी हसलं. दुभाषी घाईघाईने म्हणाले, "तिकडे आवडी बदलतात, ताई."

आत्याने पिशवीतून काचेचा चंबू काढला. त्यात थोडं पाणी उकळलं. तोंडाच्या बुचातून रबराची नळी बाहेर आलेली होती, तिच्यातून वाफ फुसफुसू लागली. मग तिने चंबू विस्तवावरून उतरवला आणि नळीचं टोक दुधात बुडवलं. चंबू निवू लागला तसं दूध नळीतून चढलं आणि भसाभसा आत कोसळलं.

"आता सांगा," आत्या म्हणाली, "या चंबूत कुणाचे आजोबा बसलेत?"

मग तिने समजावलं, "वाफ निवली की तिचं पाणी होतं, आत जागा रिकामी पडते. बाहेरची हवा दुधाला त्या जागेत ढकलते. फक्त नळीची चावी उघडी हवी. ती कोण उघडतं, ते तुम्ही रोज बघताय."

मुलगा मात्र मशीनकडे बघत होता. बॉयलरच्या माथ्यावर एक इवलीशी झडप होती. मशीन निवताना तिने उघडायचं आणि हवा आत घ्यायची.

"तिच्यातून थेंब गळायचे," तो पुटपुटला. "मीच डाख देऊन ती बुजवली."

त्याने बॉयलर उघडला. आत पांढरा, कुजका थर साचला होता. दुर्गंधीने पुढची रांग मागे सरली.

"शंकेने आत्मा निघून गेला!" दुभाषी ओरडले.

"आत्मा नाही, तुम्ही निघा," आत्या म्हणाली. आणि ते निघालेही.

दवाखान्यात मुलगा आईच्या उशाशी बसला. "आई, ती बाटली मीच तुझ्या तोंडाला लावली गं."

"मीही हौसेने प्याले. तो तिथे आहे असं वाटायचं, बरं वाटायचं."

"बाबांनी मला माफ केलं की नाही, आता कधीच कळणार नाही."

आईने त्याच्या पितळ घासून खरबरीत झालेल्या बोटांवर हात ठेवला. "नाही कळणार. मलाही ठाऊक नाही. पण ज्याला ठाऊक असूच शकत नाही, त्याला विचारत बसू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून मुलगा बाटल्या नेलेल्यांची दारं ठोठावू लागला. प्रत्येक दारात मान खाली घालून तेच सांगायचा, आत काय होतं आणि ते आत कसं शिरलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. एका आजींनी मात्र बाटली छातीशी घट्ट धरली.

"मला गुण येत होता रे. कशाला खरं-खोटं करत बसू?"

"खोट्यावर भरवसा ठेवला की खरं औषध राहून जातं, आजी," तो म्हणाला. "हेच पाणी पिऊन माझी आई दवाखान्यात पडली. चपला घाला. डॉक्टरांकडे मी येतो सोबत."