आमदाराची आणेवारी

शरणम्माला पोलिसांनी गुरुवारी भर बाजारातून धरून नेलं. गुन्हा काय, तर पुरुष असून लुगडं नेसते. जसं काही फौजदाराच्या दोरीवरचंच ओढून नेसली होती!

मी तिप्पव्वा. आईबापांनी नाव तिप्पण्णा ठेवलं होतं, पण गळ्यात यल्लम्माचे मोती बांधून मला देवीची जोगतीण केलं आणि तिप्पण्णा तिथेच संपला. शरणम्माचंही तसंच. भवानी पेठेत एका खोलीत आम्ही दोघी राहायचो आणि देवीची परडी घेऊन घरोघर जोगवा मागायचो. लोक पाया पडत, तान्हं लेकरू आमच्या मांडीवर देत आणि आमची पाठ फिरली की हसत. हसण्याचं मला काही वाटत नसे. पण शरणम्मा मला सख्ख्या नात्याहून जवळची. तिच्या वाटेला कोणी गेलं की माझं डोकं फिरतं.

चौकीवर गेले तर फौजदार म्हणाला, "उद्या दुपारी हिची जट कापणार आणि हिला तडीपार करणार. तूही बोचकं बांधून ठेव."

जट म्हणजे नुसते केस नव्हेत. देवीने दिलेली ती खूण. जोगतिणीची जट कापायची म्हणजे तिला जिवंतपणीच स्मशानात नेऊन ठेवायचं.

फौजदाराला अडवू शकेल असा एकच माणूस होता, आमचे आमदार वीरभद्रप्पा. अठ्ठ्याहत्तरची निवडणूक तोंडावर आलेली. शुक्रवारी सकाळी अर्ज भरायला जाताना ते पेठेतल्या यल्लम्माच्या देवळात येणार होते. दर निवडणुकीला येत. परडीपुढे मांडी घालून बसायचं, जोगतिणीने कपाळाला भंडारा लावायचा, मगच उठायचं. भंडाऱ्याआधी जो उठला त्याचं काम फिसकटलं, हे पेठेतलं शेंबडं पोरही सांगेल.

आता आणेवारीचं सांगते. ही खोड शरणम्माची. ती वैरागकडच्या शेतकऱ्याच्या घरची. पीक किती आलं हे ठरवायला तलाठी रानात यायचा, ते तिने लहानपणापासून पाहिलेलं. सोळा आणे म्हणजे भरलेलं रान. सहा आण्यांच्या खाली गेलं की दुष्काळ, मग सरकारला शेतसारा भरायचा नाही. ती म्हणायची, "पिकाची आणेवारी काढत्यात, मग आमदाराची का न्हाय?"

तेव्हापासून जोगव्याला जाऊ तिथे जो आमदार भेटेल त्याला आम्ही एकच गोष्ट विचारायचो. आमच्यासारख्याला पोलिसांनी धरलं, तर चौकीत येऊन 'हीही आपल्यासारखीच माणसं' असं म्हणाल का? एकाने ओसरीवर बसवून चहा दिला आणि "बघू" म्हणाला. सहा आणे. दुसऱ्याने साडी दिली, पण मागच्या दाराने. तीन आणे. आम्ही हे जोगव्याच्या गाण्यात घालून गायचो. बाया हसून हसून लोळायच्या आणि पुढच्या खेपेला स्वतःहून विचारायच्या, आता कुणाची काढली म्हणून. ही गाणी आमदारांच्याही कानावर जायची.

शरणम्माचा एक नियम होता. "इच्यारायचं ते चारचौगात. तलाठी बी रानाच्या मधलाच तुकडा कापून पीक मोजतो. बांधावरनं बघितलं तर समदंच हिरवं दिसतंय."

शुक्रवारी देऊळ भरलं होतं. गिरणीतल्या बाया, विणकरांच्या घरच्या बाया, पांढऱ्या टोपीतले कार्यकर्ते. वीरभद्रप्पा परडीपुढे बसले. मी चिमटीत भंडारा घेतला आणि हात तसाच थांबवला.

"सायेब, शरणम्मा चौकीत हाय. दुपारी तिची जट कापणार हायत. तुमी आत्ता चला आन् सांगा, ही बी माणसंच हायत म्हणून. येताय का?"

ते हसले. "आधी भंडारा तर लाव की, तिप्पव्वा. मग बोलू."

"आदी बोला."

एक कार्यकर्ता मनगटावरचं घड्याळ दाखवायला लागला. वीरभद्रप्पा अर्धे उठले, बायांकडे बघितलं आणि पुन्हा बसले. मग पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "हितं नको, लोक बघायलेत. फौजदाराला मी आतनं निरोप धाडतो, सुटंल ती. तू फकस्त मोठ्यांदा म्हण, सोळा आणे."

खोटं कशाला सांगू, ते दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. शरणम्माची जट वाचली असती. पण पुढच्या महिन्यात दुसरीला धरलं असतं, नंतर मला, आणि दर खेपेला असंच कुणाच्या तरी कानात मिनतवाऱ्या करून सुटायचं. चोरासारखं. आम्ही काय चोरलंय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आतनं नको," सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले. "म्होरच्या दारानं चला. येताय का न्हाय?"

"पोलिसांच्या कामात हात घालणं बरं दिसत न्हाय," तेही मग मोठ्यानेच म्हणाले.

मी त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. देवीचा प्रसाद, तो अडवणारी मी कोण? पण लावला आणि उभी राहून ओरडले, "वीरभद्रप्पा आमदार, दोन आणे! दुष्काळ जाहीर! आन् दुष्काळात कुणी सारा भरत न्हाय. आमचा सारा म्हंजी आमचं मत. यंदा ते मिळायचं न्हाय!"

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं देऊळच. आमदार पिवळ्या कपाळाने जीपकडे गेले आणि मी परडी उचलून चौकीकडे पळत सुटले.

उशीर झाला होता. फौजदाराने दुपारची वाट पाहिलीच नाही. बोलावलेल्या न्हाव्याने हात जोडून नकार दिला, तेव्हा फौजदाराने स्वतः कात्री घेतली. शरणम्मा बाहेर आली. डोक्यावर कुठे खुंट, कुठे रक्त. पायरीवर बसवून मी तिला सगळं सांगितलं. सोळा आणे म्हणाले असते तर वाचली असती, हेही लपवलं नाही. ती डोकं चाचपत ऐकत होती. आता ही माझ्या थोबाडीत मारणार, असं मला वाटलं.

"किती दिलंस म्हणालीस?"

"दोन आणे."

"दोन?" ती उसळली. "कशाबद्दल गं? लई झालं की!"

मला रडू फुटलं. मी तिच्या डोक्यावर पदर ओढायला गेले, तर तिने माझा हात झटकला. "राहू दे. बघू दे की समद्यांना, काय केलंय ते."

दारातून फौजदार ओरडला, "एसटी स्टँड तिकडं आहे! संध्याकाळपर्यंत जिल्हा सोडायचा!"

शरणम्माने माझ्याकडून परडी घेतली, त्या बोडक्या डोक्यावर ठेवली आणि पेठेकडे तोंड केलं.

"चल," ती म्हणाली. "अजून दोगं उभं हायत न्हवं निवडणुकीला? त्यांची काढायची राह्यलीय."

आणि ती भर रस्त्याच्या मधून चालायला लागली.