शिवेच्या दगडाचा गोल

मित्रांनो, ज्याच्यावर पाय ठेवून तुम्ही बुटांच्या नाड्या बांधता, तो मैदानाकडेचा जुना, काळा दगड मीच. आज माझ्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. पण एके काळी मला हात लावायचा म्हटलं तर दोन गावांचे पंच बोलवावे लागत.

माझा जन्म डोंगराच्या खाणीतला. पाथरवटाने मला चौकोनी घडवलं, एका अंगावर 'जु' आणि दुसऱ्या अंगावर 'आं' कोरलं आणि गायरानाच्या मधोमध कमरेपर्यंत पुरलं. माझ्या उत्तरेला जुन्नर तालुक्यातली टेकवाडी, दक्षिणेला आंबेगाव तालुक्यातली ओढेवाडी. मी त्यांच्या शिवेचा दगड. काम एकच, हलायचं नाही. ते मी चोख केलं. टेकवाडीची माणसं मला शेंदूर लावत आणि ओढेवाडीच्या म्हशी माझ्यावर पाठ घाशीत. दोन्हीकडून सेवा होत होती म्हणायची.

२००२ साली जपान आणि दक्षिण कोरिया या शेजारी देशांनी मिळून फुटबॉलचा विश्वचषक भरवला. ओढेवाडीच्या भागुजींनी ते सामने टीव्हीवर पाहिले आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं. खडकीच्या कारखान्यात नोकरीला असताना ते तिथल्या कॉलनीत फुटबॉल खेळत. निवृत्तीनंतर गावी येऊन पोरांना शिकवू लागले होते. त्याच वर्षी एका क्रीडा मंडळाला ग्रामीण फुटबॉल स्पर्धेसाठी यजमान गाव हवं होतं. स्पर्धा दोन्ही वाड्यांना हवी होती, पण मैदान कुठलं? गायरान अर्धं इकडे, अर्धं तिकडे. एकेकीच्या वाट्याला कबड्डीपुरती जागा!

भागुजींनी टेकवाडीचे सरपंच सयाजीराव यांना माझ्यापाशीच गाठलं.

"सरपंच, त्या दोन देशांच्या मधी आख्खा समुद्र हाय, तरी येक झालं. आपल्या मधी तर नुस्ता धोंडा!"

धोंडा? मला राग आला. सयाजीरावांनाही आला.

"धोंडा न्हाई, शीव हाय ती! स्पर्धा मिळून भरवू. पर शीव हलायची न्हाई."

म्हणून मी मैदानाच्या ऐन मध्यावर तसाच राहिलो आणि दोन्ही वाड्यांचा सरावाचा सामना सुरू झाला. टेकवाडीचा हौशीराम म्हणजे बैलासारखा गडी. त्याने डोळे मिटून लाथ घातली. चेंडू माझ्यावर आदळला, उलटा फिरला आणि थेट टेकवाडीच्याच जाळ्यात!

"गोल!" ओढेवाडी नाचू लागली.

"कसला गोल? त्यो धोंड्यानं मारलाय!" सयाजीराव गरजले. आता तेही मला धोंडा म्हणाले.

"मग धोंडा कुणाचा?" भागुजी म्हणाले. "चेंडू लागला त्या अंगाला 'जु' लिवलंय. तुमचाच गडी, तुमचंच जाळं!"

मित्रांनो, आयुष्यात मी एकच गोल केला, आणि त्याने खेळ मोडला. मंडळाचे साहेब पाहणीला यायचे होते आणि इकडे दोन्ही वाड्यांत अबोला. स्पर्धा हातची जाते की काय, असं झालं.

मला उपटायला हवं, हे सगळ्यांनाच कळत होतं. पण पहार लावणार कोण? जो लावील त्याने शीव सरकवली, असं दुसरा म्हणणार. दोन्हीकडचे बाप्ये पहारी घेऊन नुसते घाम पुसत उभे. अखेर भागुजींच्या पत्नी शकुबाई पदर खोचून पुढे आल्या.

"येकाच पहारीला दोगंबी हात घाला. जमत नसंल तर सरा बाजूला, आमी बाया काढतो."

भागुजी आणि सयाजीराव, दोघांनी एकाच पहारीला हात घातला. मी निघालो. माझं वजनच असं की मला कडेला नेईपर्यंत भांडायला कुणात दम उरला नाही. मग दोन्ही वाड्यांनी मिळून खड्डा बुजवला, पाणी मारलं, सयाजीरावांच्या बैलांनी दगडी रूळ ओढला. मैदान चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीसारखं झालं.

साहेब आले, फिरून दमले आणि नेमके माझ्यावर बसले.

"मैदान छान आहे. पण हे नेमकं कोणत्या तालुक्यात येतं? शीव कुठे आहे?"

सयाजीराव खाकरले. "सायेब, शीव... तुमी तिच्यावरच बसलाय."

साहेब ताडकन उठले. पँटला शेंदूर लागला होता. तो पाहून त्यांना हसू फुटलं. "बरं, नाव कुणाचं आधी लावू?"

मला धडकीच भरली.

"ओढेवाडीचं लावा," सयाजीराव म्हणाले. "भागुजींनी आमच्या पोरास्नीबी शिकवलंय."

"छ्या! टेकवाडीचं लावा. बैलं कुणाची व्हती?"

"मी सांगतोय ना, तुमचं!"

"न्हाई राव, तुमचंच!"

आवाज चढले, बाह्या वर सरकल्या. "गप्प बसा!" साहेब ओरडले. "स्पर्धा दिली तुम्हाला!"

नावाचं भांडण मात्र मिटलंच नाही, म्हणून कमानीवर नुसतं 'सुस्वागतम्' लिहिलं. स्पर्धा लई दणक्यात झाली. दोन्ही वाड्यांचे संघ पहिल्याच फेरीत हरले. एरवी फक्त तंटा घेऊन भागुजींच्या दारी जाणारे सयाजीराव त्या दिवशी त्यांच्या ओसरीवर बसले आणि शकुबाईंच्या हातची मासवडी त्यांनी मागून मागून खाल्ली.

नंतर मला जागेवर न्यायचं ठरलं. भागुजी म्हणाले, इथं व्हता. सयाजीराव म्हणाले, तिथं. खड्डा काही सापडेना. मोजणीवाले आले, टेप धरला, डोकं खाजवलं आणि चहा पिऊन गेले.

तेव्हापासून मी कडेलाच आहे. शेंदूर उडाला, अक्षरं झिजली, बुडाशी भेळेचे कागद साचतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, मैदानात काच दिसली, सराट्याचा काटा दिसला, तर तेवढा उचला. हद्द कुणाची, असं विचारत बसू नका. ती कुठे आहे, हे आता मलाही सांगता यायचं नाही.