देवीला निजवायचं कडवं

स्पर्धेत नाव पुकारायला वीस मिनिटं उरली होती आणि लक्ष्मीबाई फोन उचलत नव्हत्या.

धाराशिवच्या नाट्यगृहामागच्या खोलीत शिवप्रिया लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. फिजिक्स घेऊन नुकतीच बी.एस्सी. झालेली; कॉलेजच्या लोकनृत्य संघाच्या आवाजाची बाजू तिच्याकडं. संघाचा म्होरक्या रणधीर. त्यानं नेटवरून फुकटात उतरवलेलं गाणं तिनं सकाळीच बाद केलं होतं. सोळा हजार हर्ट्झच्या वरचे सगळे बारीक, तीक्ष्ण आवाज छाटलेले, त्यामुळं झांज डबा वाजवल्यासारखी, आणि मधूनमधून कुणी डीजे आपलंच नाव ओरडत होता.

मग तिनं गायिकेच्या, तामलवाडीच्या लक्ष्मीबाईंच्या, स्वतःच्या नेटवरच्या पानावरून मूळ ध्वनिमुद्रण विकत घेतलं. झांज जिवंत झाली. खाली बारीक अक्षरात ओळ होती : घरी ऐकण्यासाठी. रंगमंचासाठी गायिकेला विचारावं. सोबत नंबर.

"विकत घेतलंस ना? मग झालं की आपलं," रणधीर म्हणाला.

"ऐकण्यापुरतं."

"वकिलीणबाई, घड्याळ बघा जरा."

सातव्यांदा फोन लागला. मागं पाण्याची मोटर धडधडत होती. शिवप्रियानं सगळं सांगितलं.

"नाचा की, पोरी," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पर शेवटचं कडवं लावू नगंस. देवीला निजवायचं हाय ते. त्याच्यावर पाय आपटत्यात व्हय?"

"नाही लावणार, मावशी."

फोन ठेवल्यावर तिनं वजाबाकी केली. कडवं गेलं की उरत होतं चार मिनिटं सोळा सेकंद. पाच मिनिटांच्या आत संपलं की संघ बाद. तुकडे जोडून लांबवलेलं गाणंही बाद.

"लाव पूर्ण," रणधीर दातओठ खात म्हणाला. "त्या काय तामलवाडीवरनं ऐकणारेत?"

"मी शब्द दिलाय."

"आन आमी तीन महिने घासलं, ते?"

तिनं नियमांचा कागद पुन्हा ओढला. 'सादरीकरण किमान पाच मिनिटांचे असावे.' गाणं पाच मिनिटांचं असावं, असं कुठंच नव्हतं.

"शेवटचे चव्वेचाळीस सेकंद नुसते पाय," ती म्हणाली.

"येडी झालीस का? ताल कोण धरणार?"

"तू."

तेवढ्यात नाव पुकारलं.

चार सोळाला तिनं गाणं थांबवलं. "लाइट गेली व्हय रं?" मागून कुणीतरी ओरडलं, हशा पिकला. रणधीरचा पाय हवेतच राहिला. त्यानं विंगेकडं पाहिलं, शिवप्रियाकडं, रागानं. मग टाच फळ्यांवर दाणकन आदळली. पुन्हा. पाठोपाठ अकरा जणांच्या टाचा, आधी पुढंमागं, मग एकदम.

परीक्षक उमादेवी वाकून नियम वाचत होत्या. पाच मिनिटं पुरी झाल्याची घंटा वाजवणाऱ्यानं हात उचलला आणि गाण्याविना नाच धरायचा का म्हणून त्यांच्याकडं पाहिलं. शिवप्रियाच्या घड्याळात पाच मिनिटं भरून गेली होती. एक सेकंद. दोन. तीन.

उमादेवींनी होकारार्थी मान हलवली. घंटा वाजली.

रणधीर तरीही थांबेना.