‘दवंडी’चे मालक

संयोगिता ‘दैनिक दवंडी’त लागली तेव्हा पेपरचे मालक होते वीरभद्रआण्णा. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत सांभाळून त्यांच्या वडिलांनी हा पेपर काढला होता. ओळखीचा कुणी बातमी गोड करून मागायला आला, की आण्णा खिडकीतून समोरची अडत दाखवायचे. “गोड पायजे असंल तर गूळ तिकडं हाय. हितं बातमी मिळती.”

आण्णा गेले. त्यांचा मुलगा बसवेश बेंगळुरूत रमलेला. त्याचा जीव ना अडतीत होता, ना पेपरात. त्यानं ‘दवंडी’ विजयसिंहांना विकली. विजयसिंहांचा नदीकाठी साखर कारखाना होता आणि डोळा आमदारकीवर. तोवर संपादक झालेल्या संयोगिताला त्यांनी खुर्चीवरून हलवलं नाही. “तुमचं काम तुम्ही करायचं, ताई. मी मधी येणार न्हाय,” असं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि बरेच दिवस शब्द पाळलाही.

मग उन्हं तापायला लागली आणि पंचगंगेत मासे मरून तरंगू लागले. कृष्णात नावाचा बातमीदार काठाकाठानं फोटो काढत वर गेला. काळं पाणी ज्या नाल्यानं नदीत उतरत होतं, तो नाला विजयसिंहांच्याच कारखान्यातून येत होता.

“काय करायचं, मॅडम?” त्यानं बारीक आवाजात विचारलं.

“दुसऱ्या कुणाचा कारखाना असता तर काय केलं असतंस?”

“मालकाची बाजू विचारायला गेलो असतो.”

“मग मीच जाते.”

विजयसिंहांनी एकेक फोटो सावकाश पाहिला. “माझ्याच पेपरात माझी बातमी लावणार?”

“तुमची बाजूही लावते, दादा. सांगा.”

“आन् मी नको म्हटलं तर? पेपर इकत घेतलाय की मी.”

“घेतलाय की. पण वाचणारे नदीकाठचेच आहेत. मासे त्यांनी डोळ्यांनी बघितलेत. आपल्या पेपरात ते दिसले नाहीत, तर परत आपला पेपर कोण हातात धरणार?”

ती शांतपणे बोलली. नाही म्हणाले तर राजीनामा द्यायचा, हे येतानाच तिनं ठरवलं होतं.

विजयसिंह उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, “फोटो नको. बातमी लावा. टाकी फुटली हुती, असं माझ्या नावानं लिवा.”

“खरंच फुटली होती?”

ते खिडकीपासून मागं वळले. “न्हाय,” म्हणाले. “पाणी बंद करतो, एवढंच लिवा.”

बातमी पहिल्या पानावर आली. फोटो नाही म्हणून कृष्णात कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला, आणि तिलाही ते लागून राहिलं. नाल्याचं काळं पाणी मात्र थांबलं. विरोधक विजयसिंहांना हसले. “घरचा पेपर आवरंना, मतदारसंघ काय आवरणार?” दिवाळीनंतर त्यांनी ‘दवंडी’ पुण्याच्या एका कंपनीला विकली.

जायच्या दिवशी ते तिच्यासमोर येऊन बसले. “राग ठेवू नका, ताई.”

“राग नाही, दादा. फोटोचं तेवढं मनात राहिलं.”

ते हसले. “आमची आई रोज पेपर वाचून घेती. त्या दिवशी म्हणाली, इजू, तुझ्या पेपरात पयल्यांदाच गावाचं काय तरी आलंय बघ.”

कंपनीकडून तेजस्वी नावाची व्यवस्थापक आली. पोरगी हुशार, बोलायला नेटकी. आता सगळी पानं पुण्यात ठरतील आणि तिथंच लागतील, असं तिनं सांगितलं.

“शहराचं पान इथंच लागेल,” संयोगिता म्हणाली. “ते जमत नसेल तर मला आजच मोकळं करा.”

तेजस्वी फोन घेऊन गॅलरीत गेली. परत आली ती थोडी दमूनच. “एक पान तुमचं. कुणी हात लावणार नाही.”

एका पानात कोल्हापूर मावायचं नाही, हे संयोगिताला कळत होतं. तरी तिनं मान डोलावली आणि कृष्णातला हाक मारली. महापालिकेवर पाण्यासाठी बायकांचा मोर्चा निघाला होता. काय आणायचं ते दोघांनी उभ्याउभ्याच ठरवलं, आणि त्यानं गाडीला किक मारली.