आपसूक

चौथ्या खुंटीला दोरी बांधताना गीतांजलीचा पाय पोटरीपर्यंत चिखलात गेला, पण तो उपसून काढायचंही तिला सुचलं नाही. दोरीच्या चौकोनात खारफुटीतल्या तिवराची कोवळी रोपं उभी होती. गेली कित्येक वर्षं ह्याच चौकोनात वाळकी खोडं तेवढी मोजून ती घरी जात आली होती.

"नामादादा!" ती जवळजवळ ओरडलीच. "आलीत हो! रोपं आलीत!"

होडीच्या काठावर बसलेला नामा नुसता हसला. दिवाळे गावचा हा म्हातारा कोळी दर मोसमात तिला इथं आणून सोडायचा आणि मोजणी होईस्तोवर बिडी ओढत बसायचा.

"झाडं मोजायला पगार देतात?" असं सीवूड्सच्या सोसायटीत तिला इतक्यांनी विचारलं होतं, की ती आता "देतात, पण उशिरा" एवढंच म्हणायची. खाडीकाठच्या झाडोऱ्यातलं काय टिकतं, काय जातं, नवं काय येतं हे बघत राहायचं आणि अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर जगायचं, अशी ती नोकरी. रस्त्याचा भराव पडल्यापासून इथं भरतीचं पाणी मनाला येईल तसं यायचं. जुनी झाडं शेंड्याकडून वाळत चालली होती आणि नवं एकही रुजत नव्हतं. ह्या मोसमातल्या गेल्या खेपेला तर उधाणामुळं इथं उतरताही आलं नाही. त्याच दिवशी परतताना होडीत सुमेधा मॅडमचा फोन आला. हा प्रकल्प त्यांच्याकडे होता.

"ह्या मोसमातही नवीन रोप नसेल तर ती जागा अभ्यासातून काढणार आहेत, गीतांजली. आणि जागा गेली की तुझी पोस्टही गेली. माझ्या हातात काही नाही गं."

झाडंच मेली तर ती मोजणारी तरी कशाला हवी, असा सरळ हिशेब होता. त्या दिवशी होडी धक्क्याला लागेपर्यंत ती नामाकडे पाठ करून बसली होती.

आता ती गुडघे टेकून वाकली. पहिल्या रोपाला तिनं हात लावला आणि हात तिथंच थबकला. शेजारचं रोप बरोबर तेवढ्याच उंचीचं होतं. त्याच्या पलीकडचंही. मधलं अंतर सगळीकडे वीतभर. परसात मिरची लावावी तशी ओळ लागली होती.

"दादा," तिनं मान वर न करता विचारलं, "ही तुम्ही लावलीत?"

"मंग! त्या दिसाला तू फोनवर बोललीस, रडलीस पन. मना काय समजत नाय? पल्याड भरपूर हायत, तिकरून आनली." नामानं बिडी विझवली. "आता तरी नोकरी ऱ्हाईल ना, बाय?"

ह्या माणसावर रागवायचं तरी कसं? हातानं लावलेलं मोजायचं नाही, हा तिच्या कामातला अगदी पहिला धडा.

"लावलेली धरत नाहीत, दादा. आपलं आपण उगवलेलंच धरतात."

नामाचा चेहरा पडला. मग एकदम उजळला.

"तसा यक व्हता ना! आपसूक आलेला. त्यो बघूनच तं मना सुचला, यक जगतंय तं आनखी पन जगतील."

गीतांजली ताडकन उठली. "कुठलं? दाखवा ना, कुठलं ते?"

नामा चिखलात उतरला. त्यानं एका रोपावर बोट ठेवलं, मग काढून दुसऱ्यावर ठेवलं. "ह्यो... नाय, ह्यो आसल." भरतीनं चिखल सारवल्यासारखा सारखा करून टाकला होता. कुठं खणलं होतं, कुठं नाही, काही कळत नव्हतं. तीही वाकली. देठ पाहिले, पानं उलटून पाहिली. एवढं शिकून आज तिच्या हाती काही लागत नव्हतं.

"त्याच्याच मापाची शोधून आनली व्हती," नामा पुटपुटला. "वेगली दिसाया नको म्हनून."

बराच वेळ दोघं तशीच वाकून बघत राहिली. मॅडम फोटो मागणार, कुठलं रोप ते विचारणार. बोट कशावर ठेवायचं? हातातोंडाशी आलेला घास मायेनंच गेला होता. शेवटी तिनं पेन काढलं आणि वहीत 'नवीन रोपं' ह्यापुढं शून्य मांडलं.

नामानं ते पाहिलं. त्याला लिहिता-वाचता फार येत नसलं तरी शून्य कळत होतं.

"मंग उपटू सगली? उगाच तुना तरास." त्यानं वाकून पहिल्या रोपाला हात घातला.

गीतांजलीनं त्याचं मनगट धरलं.

"नको, दादा. त्यातलं एक आपसूक आलंय."