गनरच्या पाठीमागचं दार

वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये नारळ फोडल्याशिवाय साधा कंप्रेसर सुरू होत नाही, मग रणगाड्याच्या तोफेत आपोआप गोळे भरणारं यंत्र कसं होणार? आज लष्कराच्या समितीची पाहणी आहे, पूजा नंतर करू, असं ते यंत्र घडवणाऱ्या जागृतीने सकाळपासून तीनदा सांगून पाहिलं. पण मालक जयवंतराव हट्टाला पेटले होते. नारळ त्यांनी मानाने दिला तोही जागृतीच्याच वडिलांच्या हातात. निवृत्त दफेदार हिरामण, अठरा वर्षं रणगाड्यावर गनर, म्हणजे तोफ डागणारा, आता सांडोरला केळीची वाडी. अशा माणसाला नको म्हणायची कोणाची छाती?

यंत्र कागदोपत्री कंपनीचं असलं, तरी दोन वर्षं झोप उडाली होती ती जागृतीची. हिरामणच्या रणगाड्यात बावीस गोळे गोल चकतीवर रचून थेट जवानांच्या पायाखाली ठेवलेले असत. चिलखत भेदून आग आत शिरली की माणसं आणि गोळे एकत्रच जात. जागृतीने गोळे बुरुजाच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाच्या, मागच्या पेटीत नेले. पेटीचं छप्पर मुद्दाम हलकं ठेवलं, म्हणजे स्फोट झालाच तर वरच्या वर निघून जावा. आणि पेटी व माणसं यांच्यामध्ये पोलादी दार, गोळा आत येण्यापुरतं उघडणारं. भानगड एवढीच, की दाराच्या उघडझापीत दोन सेकंद जात. आठ सेकंदांना एक गोळा; दार सताड उघडं ठेवलं तर सहा. समितीला सहा हवे होते. दार राहणार की जाणार ते आज ठरायचं होतं, आणि दार गेलं तर ज्याच्यासाठी तिने हा खटाटोप केला तेच जाणार होतं.

समितीचे प्रमुख, निवृत्त कर्नल एडवर्ड, समोर येऊन उभे राहिले. जागृतीने बटण दाबलं. साखळी सरकली, चाचणीचा लाकडी गोळा दारापाशी आला आणि थांबला. दार ढिम्म हलेना. पुन्हा दाबलं. तेच.

जयवंतराव तिच्या कानाशी आले. "पॅनलमधली चावी फिरव ना. सेन्सर बायपास कर, दार उघडं ठेव. सहा सेकंदांत चालेल, तेही खूश."

खोटं कशाला बोला, तिला मोह झाला. हात चावीपर्यंत गेलाही. मग तिने तो मागे घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, यंत्राला काहीतरी नीट दिसत नाहीये, म्हणून ते दार उघडत नाहीये. ते बरोबर वागतंय. मी बायपास करणार नाही."

"साहेब, चूक माझी आहे," मागून हिरामण म्हणाले. त्यांनी दाराच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. गोळा सरळ आला की नाही ते बघणारा काचेचा डोळा तिथे होता, आणि त्या काचेवर ठसठशीत कुंकू. "मला वाटलं, हेच कपाळ."

गाळ्यात हशा पिकला. जागृतीने मान खाली घालून ओढणीने काच पुसली.

कर्नल मात्र हसले नाहीत. "दफेदार, लढाईत दोन सेकंद म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. दार ठेवू की काढू? बाप म्हणून बोलू नका."

हिरामणनी दाराच्या पोलादावरून हात फिरवला. "दोन सेकंद पुष्कळ होतात साहेब."

जागृतीने कुंकू लागलेली ओढणी मुठीत धरली.

"पण पुढचं लक्ष्य आधीच हेरून ठेवलं, तर गनर ते भरून काढतो. सरावाने जमतं. दार काही सरावाने उभं राहत नाही." त्यांनी दारापुढच्या गनरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "अठरा वर्षं गोळ्यांवर बसलो. रोज भीती वाटायची. हिच्या आईला पत्रात लिहायचो, खुर्ची मऊ आहे."

बाबा घाबरत असतील हे जागृतीच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तशीच ती पॅनलकडे वळली आणि तिने बटण दाबलं. एकापाठोपाठ दहा गोळे बिनतक्रार आत गेले.

"दार राहील," कर्नल म्हणाले. "साखळीच्या वेगात एक सेकंद वाचवा. पुढची चाचणी खऱ्या बुरुजात घेऊ."

समिती गेली. हिरामण प्लायवुडच्या नमुना-बुरुजात गनरच्या खुर्चीवर जाऊन बसले, एकदम ताठ, पाठ न टेकवता. जागृतीने यंत्र चालवलं. त्यांच्यामागे दार उघडलं, गोळा आला, दार बंद झालं.

"कसं वाटलं, बाबा?"

"पुन्हा चालव," ते म्हणाले, आणि सावकाश मागे टेकून बसले.