आग्नेय कोपऱ्यातली फरशी

२०२२ साली दिवाळी झाली आणि आमच्या घरात भांडणं सुरू झाली. कारण माझे पाय.

"सोलापुरात जमीन तापवायची? लोक तोंडात शेण घालतील," मी मृत्युंजयला म्हणाले.

"अव्वा, थंडीत तुझे पाय लाकडासारखे होतात. डॉक्टर काय म्हणाले, आठव."

"डॉक्टर मोजे घाला म्हणाले."

मृत्युंजय माझा एकुलता एक मुलगा. त्याचा टॉवेलांचा कारखाना, माल परदेशी पाठवतो. जर्मनीत कुणा गिऱ्हाइकाच्या घरी त्यानं बूट काढले आणि पायाखालची फरशी कोमट लागली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते बसलं होतं. माझे पाय नुसतं निमित्त. खरं म्हणजे होटगी रोडला बंगला उठत होता आणि शहरात कुणाकडे नाही असं काहीतरी त्याला हवं होतं.

"मोजे घातले तर पाहुण्यांना दाखवायचं काय?" मी विचारलं.

त्यावर सून चंद्रिका स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "अत्ती, घर आम्ही बांधतोय. तुम्हाला फक्त राहायचंय."

तिच्याशी माझं कधीच पटलं नाही. तिचंही माझ्याशी नाही. लपवायला कुणाला वेळ नव्हता.

मृत्युंजयनं सिद्राम मिस्त्रीला बोलावून आणलं. सिद्राम फरशीकाम करायचा. आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराची मोरी, जिना, कट्टा सगळं त्याच्याच हातचं. गेले अकरा हिवाळे तो मनालीला जात होता. तिथल्या हॉटेलांत फरशीखाली तापणाऱ्या तारा घालायचं काम तो शिकला होता. या वर्षी मात्र गेला नव्हता. बायकोला, येसूबाईला, चार पावलं चाललं की धाप लागायची.

त्यानं आधी आमचं जुनंच घर पाहिलं. उकिडवा बसून दाराखाली बोटं घालून मापलं.

"हितं केलं तर जमीन तीन बोटं वर येती. दारं खालनं कापावी लागतील, उंबरा बुडंल. नव्या घरात अजून फरशी पडली न्हाय, तितं करा की. ह्या अक्काची एक खोली करू."

"एका खोलीनं काय होतंय?" चंद्रिका म्हणाली.

"एक झ्याक झाली तर बाकीच्या करा, वैनी."

"झाली तर," ती म्हणाली.

त्या 'तर'वर सिद्रामचं बरंच काही अवलंबून होतं. मृत्युंजयचे मित्र डॉक्टर विरुपाक्ष त्यांच्या दवाखान्यात लकवा झालेल्या रोग्यांसाठी व्यायामाची मोठी खोली बांधत होते. तिथंही तशीच फरशी हवी होती, आणि पुढं दुरुस्तीला कायमचा माणूस हवा होता. आधी अक्कांची खोली बघतो, मग मिस्त्रीला ठेवतो, असं ते म्हणाले होते. ते काम मिळालं असतं तर सिद्रामला पुन्हा बायकोला सोडून डोंगरात जावं लागलं नसतं. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. येसूबाईनं सांगितलं. त्याचा डबा घेऊन यायची ती आणि वाळूच्या ढिगाऱ्यावर दम खात बसायची.

काम मात्र त्यानं देवपूजेसारखं केलं. खाली जाड पुठ्ठ्यासारखे थर अंथरले, उष्णता जमिनीत जाऊ नये म्हणून. वर जाळी, जाळीवर तार, शेवयांसारखी सारख्या अंतरावर वळवलेली. तार टाकायच्या आधी मीटर लावला, टाकल्यावर लावला, वर सिमेंटचा माल पसरल्यावर पुन्हा लावला. मी खुर्ची टाकून बघत बसायची. चूक सापडली तर हवी होती मला. सापडली नाही.

माझी खोली घराच्या आग्नेयेलाच होती. शेवटच्या दिवशी त्यानं मला हात धरून तिच्या आग्नेय कोपऱ्यात नेलं.

"अक्का, ध्यान देऊन ऐका. वास्तुशांतीला खड्डा घेणार की न्हाय तुमी?"

"घेणार तर. वास्तूची मूर्ती पुरायची कुठं मग?"

"शेठना इचारलं तर ते हसले. वास्तुबिस्तु करणार न्हाय म्हणाले. पर मला ठाऊक हाय, ऐन वेळी करत्यात समदे. म्हणून हितं तार टाकली न्हाय. ही एकच फरशी नुस्ती वाळूवर ठेवलीया, नखानं उचलती." त्यानं उचलून दाखवली. "खड्डा हितंच. चार बोटं हिकडं सरकलात तर तार गेली, आन् तार गेली की खोलीच गेली. आन् अठ्ठावीस दिवस चालू करू नका, माल वाळू द्या. सांगाल न्हवं?"

"सांगीन," मी म्हणाले.

आणि झालं त्यानं सांगितलं तसंच. चंद्रिकेच्या माहेरची माणसं येणार म्हटल्यावर मृत्युंजयनं मार्गशीर्षात वास्तुशांत काढली. मांडव, पूजा सांगायला स्वामी, दोनशे पानं. आपल्याकडे वास्तुशांतीला गवंडी, सुतार, मिस्त्री यांना बोलावून टॉवेल-टोपी देतात. यादी चंद्रिकेनं केली. सिद्रामचं नाव तिनं खोडलं.

"तो कुठं पंगतीत बसवायचा?" ती म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्हाला कळलं होतं. टॉवेलाच्या कारखानदाराच्या घरून एक टॉवेल निघाला नाही.

सकाळी मी नैवेद्याच्या हुग्गीत, गव्हाच्या खिरीत, गूळ कमी पडला म्हणाले, तर ती सगळ्या माहेरवाल्यांसमोर म्हणाली, "अत्ती, आज एक दिवस बोलू नका. ज्याचं त्याला करू द्या."

तिच्या आईनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. मी उठून माझ्या खोलीत खुर्चीवर जाऊन बसले.

खड्ड्याची वेळ झाली तेव्हा माझ्या खोलीत आग्नेय कोपऱ्यात लोखंडी कपाट ठेवलेलं. चंद्रिकेच्या भावांनी आदल्या दिवशी आणून टेकवलं होतं, आत भांडी, कपडे, सगळं. स्वामी म्हणाले, "कपाट जरा सरकवता येईल का?"

"राहू द्या स्वामी, अलीकडे घ्या. हातभर अंतरानं काय होतंय?" चंद्रिका म्हणाली.

मी खुर्चीत होते. चार पावलांवर. तोंड उघडायचा अवकाश होता. बोलू नका म्हणालीस ना, मी मनात म्हणाले, नाही बोलत जा. गड्यानं छिन्नी लावली, फरशी तडकली, खाली माल फुटला. चांदीची वास्तू आणि नवधान्य आत गेलं, वर सिमेंट थापलं. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत हलक्या मनाची गोष्ट, आणि मला बरं वाटलं होतं.

अठ्ठावीस दिवस भरले तेव्हा डॉक्टर विरुपाक्ष मुद्दाम आले. सिद्राम धुतलेला शर्ट घालून आला. बटण दाबलं. आम्ही सगळे अनवाणी उभे राहिलो, देवळात उभं राहावं तसे. अर्धा तास गेला. फरशी गारच.

सिद्रामनं मीटर लावला. काटा हलेना. मग तो गुडघ्यांवर बसून भिंतीकडेनं हात फिरवत गेला आणि कपाटाजवळ सिमेंटच्या वेगळ्या रंगावर थांबला.

"खड्डा हितं घेतला?"

"मग? वास्तूचा आहे," मृत्युंजय म्हणाला.

"कपाटाखाली घ्यायचा हुता. तार तुटलीया, शेठ. मी सांगितलं हुतं."

"कुणाला सांगितलंस? मला तर काही बोलला नाहीस. कुणाला?"

"घरात," सिद्राम म्हणाला.

"घरात म्हणजे भिंतीला?" चंद्रिका म्हणाली. "काम येत नाही तर येत नाही म्हणावं. अत्ती, तुम्हाला सांगितलं होतं का यानं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हणाले असते तर तिनं मला उभी सोलली असती, तीही डॉक्टरांसमोर.

"मला कुणी काही सांगितलं नाही," मी म्हणाले.

सिद्राम माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. फरशीची पातळी बघताना बघायचा तसा. मग मीटरची वायर गुंडाळत म्हणाला, "आसंल. सांगायचं राहिलं आसंल माझ्याकडनं."

"उकरून दुरुस्त कर," मृत्युंजय म्हणाला.

"वास्तू काढावी लागंल वर."

"पुरलेली वास्तू उपटणार? आणि ती ह्याच्या हातानं?" चंद्रिका म्हणाली.

डॉक्टर बूट घालत म्हणाले, "बघू, मृत्युंजय. मी पुण्यात एकाला विचारतो."

सिद्रामनं पिशवी उचलली. जाताना दार आवाज न करता ओढून घेतलं.

त्याला आता तीन वर्षं होत आली.

डॉक्टर विरुपाक्षांची व्यायामाची खोली पुण्याच्या माणसांनी केली. चांगली झाली म्हणतात. मृत्युंजयनं दुसरा बंगला घ्यायचं काढलंय, त्यात काय तापवणार कोण जाणे. चंद्रिकेचा एक गुडघा बदलला. घरात काठी घेऊन चालते. आम्ही दोघी एकमेकींना औषधं विचारतो, बाकी काही नाही. खड्डा खरा कुठं घ्यायचा होता, ते मी एकदा जेवताना मृत्युंजयला सांगितलं. "आता त्याचं काय, अव्वा," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

सिद्राम त्याच पौषात मनालीला गेला. माघात येसूबाईची धाप रात्रीतून वाढली. मुलगा सिद्धांत कुर्डुवाडीला रेल्वेत, तो वेळेवर पोचला. सिद्रामचा रस्ता बर्फानं बंद होता. तो तिसऱ्या दिवशी आला. तोवर सगळं उरकलं होतं.

मी महिन्यानं भेटायला गेले. एक खोली, नीट झाडलेली. त्यानंच चहा केला.

"सिद्राम, त्या दिवशी मी खोटं बोलले," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला.

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. त्यानं चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला, स्वतःला घेतला नाही. मी पिऊन होईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला.

मग रिक्षापर्यंत सोडायला आला. मला हात देऊन आत बसवलं, लुगड्याचा काठ चाकात जाऊ नये म्हणून आत सारला. रिक्षावाल्याला म्हणाला, "सावकाश ने. म्हाताऱ्या हायत."

रिक्षा वळायच्या आत त्याचं दार लागलेलं होतं.